सातवी रेघ

गाणे चालू नसताना ॲम्प्लिफायर काय करीत असतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गाणे चालू असताना तो काय करतो, हे सर्वांना ठाऊक असते. निदान ठाऊक आहे असे वाटते. पण काचेच्या व्हॉल्व्हचा, घरी जुळवलेला ॲम्प्लिफायर ज्याने सांभाळला आहे त्याला विचारा. तो सांगेल, की या यंत्राची खरी परीक्षा ते गप्प असतानाच होते. तबकडी फिरत नाही, आवाजाचे बटण शून्यावर आहे, खोलीत पंख्याच्या घरघरीखेरीज काही नाही. आणि तरीही शेवटच्या दोन मोठ्या व्हॉल्व्हांतून विजेचा एक ठरावीक प्रवाह वाहत असला पाहिजे. तो किती, हे आपण आधी ठरवून द्यावे लागते. या ठरवून देण्याला बायस लावणे म्हणतात. कोशात पाहिले तर बायस म्हणजे पूर्वग्रह, मनाचा कल. हा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. मी शिकलो तो बायस स्क्रूड्रायव्हरने लावायचा होता, आणि तो मला माझ्या थोरल्या भावाने शिकवला.

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत आम्ही राहत असू. बाबा गोदीत कारकून होते. अण्णा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात फुकट राबायचा. फुकट म्हणजे पैशाने फुकट; विद्या तो तिथूनच घरी आणी. तो काळ रेडिओचा होता. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली, त्याच्या आधीची पाच वर्षे तर बुधवारच्या रात्री सारी चाळ रेडिओ सिलोनची वाट पाहत बसायची. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच करायला घेतले होते. लॅमिंग्टन रोडला गेले, की खिशात असलेल्या पैशांत काय काय बसेल याचा हिशेब करीत तरुण पोरे दुकानांच्या पायऱ्यांवर उभी असलेली दिसत. अण्णा त्यांतलाच एक. महिन्यातून एका रविवारी तो दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरे आणि परतताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी वस्तू शर्टाच्या आत धरून आणी. जणू पाखराचे पिल्लू आणले आहे.

अशा दीड वर्षाच्या रविवारांतून त्याचा ॲम्प्लिफायर उभा राहिला. शेवटी दोन ईएल-३४ व्हॉल्व्ह, त्यांच्या आधी दोन लहान, बाजूला रेक्टिफायर, आणि मागे काळ्या डांबरात बुडवलेली दोन ट्रान्सफॉर्मरची धुडे. पत्र्याची चासी त्याने स्वतः कापली होती आणि तिच्या कडा कानशीने इतक्या घासल्या होत्या, की आई म्हणे, 'एवढी माया पाटा-वरवंट्यावर केली असतीस तर टाके घालणाऱ्याचे पैसे वाचले असते.'

बाबांना मात्र त्यात मायेचे काही दिसले नाही. त्या दोन व्हॉल्व्हांच्या किमतीत तीन महिन्यांचे घरभाडे निघते, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवले. एका रात्री चासीला ठेच लागून त्यांच्या अंगठ्याचे नख उडाले तेव्हा ते ओरडले होते, 'हे धूड घराबाहेर काढ. नाहीतर मीच एक दिवस त्याचा निकाल लावीन!' रागाच्या भरात माणूस काय बोलतो आणि ऐकणारा त्यातले काय जपून ठेवतो, याला काही हिशेब नाही. हे वाक्य मी त्या रात्रीच विसरलो. अण्णा विसरला नव्हता, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हते.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते अण्णाने मला नळाच्या उपमेने सांगितले. काचेत कोंडलेला एक कॅथोड असतो. खालची तार लालसर तापली, की त्यातून विद्युत्कण सुटू लागतात. चोहोबाजूंनी प्लेट असते. तिच्यावर चारशे व्होल्टचा दाब, ती त्या कणांना ओढून घेते. नुसता कॅथोड आणि प्लेट असलेला व्हॉल्व्ह फ्लेमिंगने १९०४ साली केला. त्यानंतर दोनच वर्षांनी ली डी फॉरेस्टने त्या दोहोंच्या मध्ये तिसरा घटक बसवला, आणि पुढे त्याची तारेची बारीक जाळी झाली. सारे ध्वनिशास्त्र त्या जाळीवर उभे आहे. जाळी म्हणजे नळाची तोटी. तिला कॅथोडपेक्षा जितका अधिक ऋण दाब द्यावा, तितकी ती कणांना मागे रेटते आणि प्रवाह रोडावतो. गाण्याचे इवलेसे कंप जाळीवर येतात, तोटी किंचित उघडते, किंचित मिटते, आणि प्लेटकडे तेच गाणे मोठे होऊन पोचते.

'मग गाणं नसताना तोटी पार बंद का नाही करायची?' मी विचारले होते. विजेचे बिल हा आमच्या घरात जिव्हाळ्याचा विषय होता.

'सकाळी पाणी येतं तेव्हा नळ काय करतो?' अण्णा म्हणाला.

नळ खोकतो. रात्रभर कोरडा पडलेला नळ पाणी आले की आधी गुरगुरतो, थुंकतो, हवेचा गचका देतो आणि मग वाहू लागतो. रात्रभर बारीक धार चालू राहिली असती, तर खोकला नसता. व्हॉल्व्हचेही तसेच. या दोघांत काम वाटलेले असते. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा एकाने उचलायचा, खालचा दुसऱ्याने. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात लहर जाताना दोघेही कोरडे असतील तर तिथे गचका बसतो. मोठ्या आवाजात तो गचका झाकून जातो. पण विलंबित ख्यालातला हळुवार स्वर, तानपुऱ्याचा मागे उरलेला नाद, हे मात्र खरखरीत, कचकचीत होतात. हळू आवाजाची नासाडी आधी होते. म्हणून दोघांतही सदैव थोडी धार चालू ठेवायची.

पण थोडी म्हणजे किती? जास्त सोडली तर प्लेट तापते. ईएल-३४ ची प्लेट २५ वॅटची उष्णता सोसते, त्यापुढे नाही. जाणती माणसे गप्प अवस्थेत तिच्या सत्तर टक्क्यांपलीकडे जात नाहीत. म्हणजे साडेसतरा वॅट. त्याला ४०० व्होल्टने भागले, की जवळजवळ ४४ मिलिअँपिअर येतात. अण्णा त्याच्याही खाली, पस्तिसावर थांबे. रात्री उशिरा वसाहतीतले दिवे मालवले, की विजेचा दाब चढतो. तेव्हा पस्तिसाचे चाळीस झाले तरी व्हॉल्व्हला सोसले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. तोटी किती मिटायची ते ठरवायला एक लहान व्हेरिएबल रेझिस्टन्स होता. त्याचा स्क्रू फिरवला, की दोन्ही जाळ्यांवरचा ऋण दाब कमी-जास्त होई. बेताचा दाब ३८ व्होल्टच्या आसपास येई. प्रत्येक कॅथोडखाली दहा ओहमचा रेझिस्टन्स होता. त्यावर ०.३५ व्होल्ट दिसले, की ३५ मिलिअँपिअर झाले. दुकानातून मागून आणलेल्या मीटरच्या अडीच व्होल्टच्या पट्टीवर पन्नास रेघा होत्या, त्यांतली ती सातवी. 'सातव्या रेघेवर आण आणि हात काढ,' अण्णा म्हणे. सुई एकदा तिथे स्थिरावली, की तो स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा एक ठिपका देई. रंग वाळला की स्क्रू चासीला चिकटे. मग त्याला हात लावायचा नाही.

मिरजेचा कारागीर तानपुऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवीत असतो. केसभर इकडे, तार मुकी. केसभर तिकडे, चिरकी. मध्ये कुठेतरी एक जागा असते, तिथे तार उमलते. ती जागा सापडली की धागा तिथेच सोडायचा. बायसचा प्रकार फारसा निराळा नाही. फरक एवढाच, की धागा चुकला तर स्वर बिघडतो. स्क्रू चुकला तर व्हॉल्व्ह जळतो.

१९६९ च्या गणेशोत्सवात वसाहतीच्या मांडवात तो ॲम्प्लिफायर लागला. अण्णाने भाडे घेतले नाही. नुसते आपले यंत्र चारचौघांत वाजावे, एवढीच हौस. तीन दिवस छान वाजला. चौथ्या दिवशी दुपारी पलीकडच्या मांडवातल्या पोरांनी मला चिडवले, की तुमच्या कर्ण्याचा आवाज म्हणजे मांजराचे गुरगुरणे. मी तेरा वर्षांचा. अण्णा कामावर होता. रेडिओवर आवाज मोठा करायचे बटण उजवीकडे फिरवतात, एवढे शास्त्र मला येत होते. मी मांडवामागे गेलो, यंत्राचा मागचा पत्रा काढला आणि लाल ठिपक्याचा स्क्रू पाव फेरा उजवीकडे फिरवला. रंगाचा कपचा उडाला. तो मी बोटाने पुसला आणि पत्रा लावून टाकला.

त्या रात्री आरती चालू असताना आवाज एकाएकी फाटला. मी मागेच बसलो होतो. पत्र्याच्या भोकांतून पाहिले, तर उजव्या हाताच्या व्हॉल्व्हची प्लेट लालभडक झाली होती; भट्टीतल्या लोखंडासारखी. व्हॉल्व्हच्या आत निळसर काहीतरी लपकन हलले, फ्यूज उडाला, आणि डांबर तापल्याचा वास मांडवभर पसरला. अण्णा पुढून धावत आला तोवर सारे आटोपले होते. उरलेल्या दिवसांसाठी मंडळाने भाड्याचा ॲम्प्लिफायर आणला. त्याचे पैसे अण्णाने भरले.

घरी आल्यावर त्याने यंत्र उघडले, बराच वेळ दिव्याखाली धरले आणि विचारले, 'या स्क्रूला कोणी हात लावला होता?'

बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचीत होते. आई पाने घेत होती. मी मान हलवली. 'नाही.' बाबा पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, 'मला काय कळतंय त्यातलं!' अण्णाने पुढे काही विचारले नाही. आईने ते यंत्र आपल्या जुन्या नऊवारीत बांधून माळ्यावर टाकले. त्यानंतर अण्णाने हातात डाखकामाची कावी धरली नाही.

त्या दिवाळीत बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून एक नवा मीटर आणला. काळ्या बेकलाइटचा, सुईचा, जाड काचेचा. त्यांनी तो अण्णापुढे ठेवला आणि ते अंघोळीला निघून गेले. अण्णाने तो उचललाही नाही. कपाटात राहिला, आणि पुढे मी टेलिफोन खात्याच्या परीक्षेला बसलो तेव्हा माझा झाला. नोकरीची सारी वर्षे तो मजजवळ होता. सुई अजून खोटे बोलत नाही. अण्णाने नवे कौतुक का नाकारले याचा विचार मी कधी केला नाही. त्याचा त्या नादातून जीव उठला असेल, असेच समजत आलो. आणि त्याला कारण मी, हेही. १९७१ साली त्याचे लग्न झाले, तो बोरिवलीला राहायला गेला. सणावारी येई; बाबांशी दोन शब्द बोले, तिसरा बोलत नसे. घरोघरी असते तसेच ते, असे वाटे. १९८४ साली बाबा गेले.

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. मी मुलुंडला भाड्याच्या जागेत आलो. माळा रिकामा करताना ते नऊवारीतले गाठोडे खाली आले. अण्णाला फोन केला. तो म्हणाला, 'भंगारात दे.' त्याचे ऐकू येणे कमी झाले आहे, म्हणून तो फोनवर एका वाक्यापलीकडे जात नाही. मी भंगारात दिले नाही. पंचावन्न वर्षे ज्या वस्तूकडे पाहायचे टाळले, ती आता सत्तरीच्या उंबरठ्यावर टेबलावर येऊन बसली होती. म्हटले, निदान आपण केलेले नुकसान आपल्या हाताने दुरुस्त करावे.

जुने यंत्र एकदम वीज लावून चालू करू नये. शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये घालावा. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचते. चारशे व्होल्टचे कंडेन्सर वीज बंद केल्यावरही भरलेले राहतात, ते रेझिस्टन्सने रिकामे करावेत; आणि चालू यंत्रात एक हात खिशात ठेवून दुसऱ्यानेच काम करावे, म्हणजे करंट छातीतून जायची वाट राहत नाही. कर्णा जोडल्याशिवाय चालू करू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या जिवावर बेतते. हे सारे मला अण्णानेच शिकवलेले. मोठे दोन व्हॉल्व्ह काढून ठेवले, लहान तेवढे ठेवले आणि दिवा मंद पडल्यावर जाळ्यांवरचा दाब मोजला. डावीकडे उणे ४०. उजवीकडे उणे २२.

मी पुन्हा मोजले. स्क्रू एक, ऋण दाब एक. दोन्हीकडे सारखाच यायला हवा. उजव्या जाळीकडे जाणारा कागदी कंडेन्सर सोडवला आणि दाब पाहिला. चाळीस. आता उमगले. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा मोठा धन दाब अडवून फक्त गाणे पुढे सोडायचे, हे या कंडेन्सरचे काम. तो पाझरू लागला होता. पाझरलेला धन दाब जाळीवर पोचला, तोटी उघडी पडली, आणि प्लेट लाल झाली. म्हणूनच दोन्ही व्हॉल्व्हांना सारखाच लागू असलेला स्क्रू फिरवला असताना लाल झाला तो फक्त उजवा! हे मी त्या रात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि एवढी वर्षे त्याचा अर्थ लावला नव्हता.

मग मी मीटर लावून तो स्क्रू पाव फेरा उजवीकडे फिरवला. उणे ४० चे उणे ४४ झाले. उजवीकडे म्हणजे तोटी मिटायची. तेरा वर्षांच्या पोराने आवाज वाढवायला गेले आणि प्रवाह कमी केला होता. माझ्या पापाने झालाच असेल, तर तो व्हॉल्व्ह दोन-चार मिनिटे जास्त जगला असेल.

त्या दुपारी मी स्वतःशीच हसलो. चहा केला, दोनदा प्यालो. स्वतःविषयीचा एवढा जुना पूर्वग्रह एका कंडेन्सरने पुसून टाकला होता. लॅमिंग्टन रोडला जाऊन नवे कंडेन्सर आणि जुळवून दिलेली ईएल-३४ ची जोडी आणली. रशिया, स्लोव्हाकिया, चीन येथे ते अजून होतात. अण्णाच्या एका स्क्रूच्या जागी मी दोन बसवले, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हचा बायस वेगळा लावता येईल. कारण जोडी कितीही जुळवली तरी वय होईल तसे दोघे सारखे राहत नाहीत. शिवाय स्क्रूच्या आतला सरकता स्पर्श कधी सुटलाच तर ऋण दाब नाहीसा न होता उलट वाढेल, असा एक जादा रेझिस्टन्स घातला. अण्णाने तो घातला नव्हता. १९६९ साली त्याला हे सांगणारे कोणी नव्हते.

पाडव्याच्या दिवशी त्याला मुलुंडला आणले. ऐंशीच्या घरातला माणूस, कानात यंत्र, पायात लोकरीचे मोजे. टेबलावर ॲम्प्लिफायर पाहून तो काही बोलला नाही. फक्त चासीच्या कडेवरून बोट फिरवले. मी बटण दाबले. दोघे व्हॉल्व्हांतली नारिंगी तार उजळताना पाहत बसलो. पंधरा मिनिटे तापू द्यायचे असतात. त्या पंधरा मिनिटांत मी म्हणालो, 'अण्णा, तो स्क्रू मी फिरवला होता.'

'काय?'

कबुलीजबाब दोनदा द्यावा लागणे, यासारखी शिक्षा नाही. पहिल्या वेळी जीव एकवटलेला असतो. दुसऱ्या वेळी नुसता मोठा आवाज उरतो. मी ओरडून सांगितले. शेजारच्या खोलीतून सून डोकावून गेली. मग घाईघाईने कंडेन्सरचे सांगितले, उणे बाविसाचे, उजव्या फेऱ्याचे. जणू निकाल आधी सांगून खटला मागून चालवावा.

अण्णाने सारे ऐकले. 'रंग उडालेला मी पाहिला होता,' तो म्हणाला. 'कोणीतरी हात लावला हे मला कळलं होतं.'

'मग विचारलं का नाहीस परत?'

'विचारलं होतं. तू नाही म्हणालास.' तो थोडा थांबला. 'आई तर हातच लावायची नाही. मग राहिलं कोण?'

मला क्षणभर काही कळले नाही. आणि कळले तेव्हा खोलीतला पंखासुद्धा नकोसा वाटला. निकाल लावीन म्हणणारे बाबा. पेपरातून डोके वर न काढणारे बाबा. माझी मान ज्या क्षणी हलली, त्या क्षणी घरात दुसरे नाव उरलेच नव्हते. मी समजत होतो, की माझ्या खोट्याने अण्णाचा स्वतःवरचा विश्वास गेला. तसे झाले असते तर बरे होते. मी खरे बोललो असतो, कुठल्या बाजूला किती फेरा हे सांगितले असते, तर त्या माणसाला पाच मिनिटांत उमगले असते, की एवढ्याने प्लेट लाल होत नाही. तो पुढे शोधत गेला असता, पाझरणारा कंडेन्सर त्याच रात्री सापडला असता. खोट्याने त्याचा शोधच संपवला. गुन्हेगार सापडल्यावर कंडेन्सर कोण तपासतो?

'पंधरा मिनिटं झाली,' अण्णा म्हणाला.

मी मीटर लावला. तो सुई वाचू लागला, मी स्क्रू फिरवू लागलो. डावा आधी. 'पाच... सहा... सात. थांब.' मग उजवा. 'सात.' मग पुन्हा डावा पाहायचा असतो. कारण उजव्याने प्रवाह ओढला, की सगळ्यांचा मिळून असलेला दाब उतरतो आणि डावा ढळतो. एकाला नीट लावायचे आणि दुसऱ्याला विसरायचे, हे या कामात चालत नाही. तीनदा इकडून तिकडे केले तेव्हा दोन्ही सातव्या रेघेवर आले. कर्ण्यातून गुणगुण नाही, खरखर नाही. आवाज काही नाही, पण यंत्र जागे आहे, अशी ती शांतता होती. तबकडी काढून ठेवली होती. ती लावायचे दोघांनाही सुचले नाही.

अण्णाने मीटर उचलून चष्म्याजवळ धरला. बेकलाइटच्या कोपऱ्यावर एक बारीक टवका आहे, त्यावरून त्याचा अंगठा फिरला.

'हा तोच ना?'

'हो. बाबांनी आणलेला.'

'मला वाटलं, भरपाई करताहेत,' अण्णा म्हणाला. 'म्हणून नाही घेतला.'

यावर मला बोलता येण्यासारखे काही नव्हते. बाबांना त्या यंत्रातले खरोखरच काही कळत नसावे. मुलाचे काहीतरी जळाले आहे, एवढे कळले असावे. आणि लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याशा दुकानात त्यांनी विचारले असावे, की अशा कामाला काय लागते. घरभाड्याचा हिशेब त्या दिवशी त्यांनी कुठल्या कागदावर मांडला असेल, कोण जाणे. बटण असलेल्या कुठल्याच यंत्राने आता ते दुरुस्त होणार नाही. पंधरा वर्षे एकाच घराच्या उंबरठ्यावर दोन माणसे एकमेकांना सांभाळून ओलांडत राहिली. आणि मी मध्ये उभा राहून, कोणाला काही ऐकू जात नाही असे समजत राहिलो.

अण्णा संध्याकाळी निघाला. ॲम्प्लिफायर तुझ्याकडेच असू दे म्हणाला, बोरिवलीला जागा नाही. मीटर मात्र त्याने काही न विचारता रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या आत, छातीशी धरला. खाली रिक्षात बसेपर्यंत तो त्याने काढला नाही.

व्हॉल्व्ह नवे असले की पहिल्या काही आठवड्यांत बायस सरकतो. अधूनमधून पाहावा लागतो. माझ्याकडे आता मीटर नाही. दुसरा विकत घेता येईल, आकडे दाखवणारा, स्वस्तही मिळतो. मी घेतलेला नाही. महिन्यातून एकदा मी बोरिवलीला फोन करतो आणि ओरडून सांगतो, की अण्णा, बायस बघायचा आहे, मीटर घेऊन ये.